फोटोतले नाक मोठे का?

परीक्षेच्या अर्जासाठी पुष्कळ मुले मोबाईल हातात धरून स्वतःच फोटो काढतात. त्यात नाक फुगीर येते, कान आक्रसतात. ओळखपत्रावरच्या फोटोवरून तर माणूस ओळखायचा असतो! मग दोष भिंगाचा का? नाही, अंतराचा.

वस्तू जितकी दूर, तितकी तिची प्रतिमा लहान. नाकाचे टोक कानांच्या सुमारे 12 सेंमी पुढे असते. मोबाईल नाकापासून 30 सेंमीवर धरला, तर कान 42 सेंमीवर येतात. म्हणजे कानांच्या मानाने नाक 42 ÷ 30 = 1.4 पट मोठे उमटते. आता मित्राला 150 सेंमीवरून फोटो काढायला सांगा. 162 ÷ 150 = 1.08. फरक जेमतेम 8 टक्के! चेहरा लहान आला तरी बिघडत नाही. भोवतालचा भाग नंतर कापता येतो.

खिडकीकडे तोंड करून बसावे, म्हणजे दोन्ही गालांवर सारखा उजेड पडतो. मागची भिंत मीटरभर दूर असली, की तिच्यावरची सावली पसरून फिकट होते.

फोटोचे माप अर्जात पाहून घ्यावे. ते 35 × 45 मिमी असेल, तर 4 × 6 इंची (102 × 152 मिमी) कागदावर किती फोटो बसतील? कागद आडवा धरून पाहा: 8.

वर्गात एकाच मुलाचे 30, 60 आणि 150 सेंमीवरून फोटो काढा. प्रत्येकात नाकाची आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजा. गुणोत्तर कसे बदलते?