प्रश्न फोनचा नव्हता

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम शहरात २ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘ब्लिझकॉन’ हा मेळा सुरू झाला. ब्लिझार्ड कंपनीच्या व्हिडिओ गेम्सवर जीव असलेले लोक १९९ डॉलरचे तिकीट काढून दूरदूरहून तिथे जमले होते. त्यांतल्या ‘डायब्लो’ मालिकेच्या चाहत्यांना आस होती चौथ्या भागाची, कारण तिसरा भाग येऊन सहा वर्षे उलटली होती. प्रत्यक्षात घोषणा झाली ती ‘डायब्लो इम्मॉर्टल’ची. नेटईझ या चिनी कंपनीच्या भागीदारीत बनणारा हा गेम फक्त मोबाइलवर चालणार होता. प्रश्नोत्तरांच्या वेळी एकाने उभे राहून विचारले, ही अवेळी केलेली एप्रिल फूलची थट्टा तर नाही ना? गेम संगणकावर येणार नाही हे कळल्यावर सभागृहात नाराजीचा सूर उमटला, तेव्हा गेमचे प्रमुख रचनाकार वायट चेंग यांनी श्रोत्यांना उलट विचारले, तुमच्याकडे फोन नाहीत का? त्या प्रश्नाची चित्रफीत जगभर फिरली. ट्रेलरवर नापसंतीची लाखो मते पडली आणि पुढच्या सोमवारी ब्लिझार्डची मालक कंपनी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड हिचा शेअर सुमारे सात टक्क्यांनी घसरला.

या प्रसंगाचा एक सोपा अर्थ तेव्हापासून लावला जातो. महागडे संगणक बाळगणाऱ्या, जुन्या सवयींना चिकटून बसलेल्या चाहत्यांना आपला लाडका खेळ सर्वसामान्यांच्या फोनवर गेलेला खपला नाही, असा तो अर्थ. त्यात थोडे तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यातून निसटते. चाहते साशंक होते ते फोनच्या पडद्याबद्दल कमी आणि फोनवरच्या खेळांच्या व्यवहाराबद्दल अधिक. हातात येणारी चीज कष्टाने आणि नशिबाने मिळणार की पैशाने, हा त्यांचा खरा प्रश्न होता. पुढे जे घडले ते पाहता तो रास्त होता, असेच म्हणावे लागते.

हा प्रश्न एवढा कळीचा का, हे समजायला डायब्लोची रचना समजून घ्यायला हवी. पहिला डायब्लो १९९६च्या अगदी शेवटी आला, दुसरा २००० साली. या प्रकाराला ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात. खेळाडू एक योद्धा किंवा मांत्रिक निवडतो, अंधाऱ्या तळघरांत आणि गुहांत उतरतो आणि राक्षसांच्या झुंडी मारत पुढे जातो. मेलेल्या राक्षसाकडून कधी फुटकळ नाणी पडतात, कधी साधी तलवार, तर क्वचित असे एखादे दुर्मीळ आयुध पडते की त्याने सगळा डाव पालटतो. या मिळकतीला खेळाडू ‘लूट’ म्हणतात. केव्हा काय पडेल हे आधीच ठरलेल्या शक्यतांवर अवलंबून असते. म्हणूनच लोक एकच गुहा शंभर वेळा पालथी घालतात. म्हणजे नशिबाचा हा खेळ डायब्लोच्या गाभ्यातच आहे. तो निर्दोष राहिला याचे कारण एकच. प्रत्येक डावाची किंमत वेळ आणि कौशल्य यांतच मोजली जात होती, आणि ती सर्वांना सारखी होती. त्या जागी पैसा आला की करमणूक आणि जुगार यांच्यातली भिंत फार पातळ होते. कोडी सोडवण्याच्या किंवा मोटारींच्या शर्यतीच्या खेळांपेक्षा ही मालिका या बाबतीत कितीतरी अधिक नाजूक आहे.

चाहत्यांची भीती हवेतली नव्हती, कारण याच मालिकेत हा प्रयोग आधी होऊन फसला होता. मे २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ आला आणि पहिल्या २४ तासांत त्याच्या ३५ लाख प्रती खपल्या. त्यापाठोपाठ ब्लिझार्डने लिलावघर उघडले. खेळात मिळालेली आयुधे आणि चिलखते तिथे खऱ्या पैशांत विकता येत आणि विकतही घेता येत. कंपनीची बाजू ऐकून घेण्याजोगी होती. दुसऱ्या भागाच्या काळात अशी खरेदी-विक्री चोरीछुपे चालत असे, त्यात फसवणूकही होई, तेव्हा ती उघड आणि सुरक्षित करावी असा तो विचार होता. परिणाम मात्र उलटा झाला. हवे ते आयुध बाजारात तयार मिळत असल्यामुळे राक्षस मारून ते मिळवण्यात अर्थ उरला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्लिझार्डनेच कबूल केले की राक्षस मारून लूट मिळवणे हा डायब्लोचा आत्मा आहे आणि लिलावघराने त्यालाच धक्का लावला. १८ मार्च २०१४ रोजी ते कायमचे बंद झाले. हा अनुभव गाठीशी असलेला चाहता साडेचार वर्षांनी मोबाइल गेमची घोषणा ऐकून साशंक झाला, तर त्याला आडमुठा कसे म्हणायचे?

बाहेरची उदाहरणेही धीर देणारी नव्हती. १९९७ चा ‘डंजन कीपर’ हा लोकप्रिय गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २०१४ मध्ये मोबाइलवर फुकट आणला. भुयार खणायला घेतले की तासन् तास वाट पाहायची, नाहीतर पैसे मोजून वेळ वाचवायचा, अशी त्याची घडण होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्याची ‘फुकट’ म्हणून केलेली जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे ॲनाहाइमच्या घोषणेच्या काही महिने आधी, बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेम्समधल्या ‘लूट बॉक्स’ना बेकायदा जुगार ठरवले. आत काय निघेल हे न सांगता पैसे घेऊन उघडायला दिलेल्या पेट्यांना लूट बॉक्स म्हणतात. त्या यादीत ब्लिझार्डचा ‘ओव्हरवॉच’ होता. पुढे कंपनीला बेल्जियमपुरती पेट्यांची विक्री थांबवावी लागली.

‘डायब्लो इम्मॉर्टल’ अखेर २ जून २०२२ रोजी आला. मधल्या काळात कंपनीने चाहत्यांची एक मागणी मान्य केली होती: गेम फोनबरोबर संगणकावरही त्याच दिवशी उपलब्ध झाला. खरे भांडण फोनशीच असते, तर ते इथे मिटायला हवे होते. घडले उलटेच. राग वाढला, आणि मेटाक्रिटिक या गुणांकनाच्या संकेतस्थळावर संगणकाच्या आवृत्तीला वापरकर्त्यांनी दहापैकी सरासरी एक गुणही दिला नाही. बोटांनी खेळताना जाणवणारी सफाई, लढाईचा वेग आणि चित्रण यांचे कौतुक टीकाकारांनीही केले होते. कथा एक पैसाही न देता पूर्ण करता येते हेही खरे. आक्षेप होता पुढच्या टप्प्यावर. इथे योद्ध्याची ताकद ‘लेजेंडरी जेम’ नावाच्या रत्नांवर अवलंबून असते. ती मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ‘एल्डर रिफ्ट’ या छोट्या मोहिमेला जाण्याआधी एक खास मुद्रा वापरणे. ती मुद्रा खेळून थोडीथोडकीच मिळते, पैसे देऊन मात्र हवी तेवढी घेता येते. तरीही त्या मोहिमेतून सर्वोत्तम रत्न निघेल याची हमी नाही, शक्यता अगदी थोडी. शिवाय रत्नाची पातळी वाढवायला तसलीच आणखी रत्ने लागतात.

पैसे देऊन आयुधे-चिलखते मिळणार नाहीत, असे गेम येण्याआधी रचनाकारांनी सांगितले होते. शब्दशः पाहिले तर ते पाळले गेले. पण ताकद आयुधांऐवजी रत्नांत भरली आणि रत्नांची वाट पैशाने मोकळी केली, तर त्या आश्वासनाला किती अर्थ उरतो? एक पात्र सर्वोच्च पातळीला न्यायला काय खर्च येईल, याचे हिशेब खेळाडूंनी मांडले. ते एक लाख डॉलरच्या पुढे गेले, म्हणजे तेव्हाच्या दराने पाऊण कोटी रुपयांहून अधिक. कंपनीने दिलेला आकडा हा नव्हे, खेळाडूंचे अंदाज आहेत, आणि त्यांवर वादही झाले. तरी खर्चाला वरची मर्यादा कुठे दिसत नाही, हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होते. सोंगट्यांच्या डावात एका गड्याला पैसे टाकून पुन्हा पुन्हा फासे फेकायची मुभा दिली, तर डाव चालू राहील, पण तो डाव उरणार नाही. खेळाडू एकमेकांशी भिडतात त्या सामन्यांत नेमके हेच जाणवत होते. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये लूट बॉक्सवर कडक नजर असते, आणि या दोन देशांत हा गेम प्रकाशितच झाला नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत ठसठशीत आक्षेप यशाच्या आकड्यांचा आहे. पहिल्या आठवड्यातच एक कोटीहून अधिक लोकांनी गेम उतरवून घेतला आणि बाजार-विश्लेषकांच्या अंदाजानुसार पहिल्या महिन्यात कोट्यवधी डॉलरची कमाई झाली. मग चाहते चुकले असे म्हणायचे का? गेम चालणार नाही असे त्यांचे भाकीत असते, तर जरूर. काही जणांनी तसे भाकीत केलेही होते आणि ते चुकले. पण मुख्य शंका गेम पैसे कमावील का याबद्दल नव्हतीच, तो ते कोणत्या वाटेने कमावील याबद्दल होती. नशिबाच्या डावाला पैसे जोडले की कमाई होते, ही गोष्ट जुगाराचा धंदा शतकानुशतके सिद्ध करत आला आहे. अशा कमाईचा आकडा शंकेला उत्तर देत नाही, उलट तिला दुजोराच देतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि आपल्याला जवळचाही. गेमिंगचा संगणक किंवा कन्सोल ही चैन आहे. चीन, आग्नेय आशिया आणि भारतातल्या बहुसंख्य खेळाडूंचे यंत्र म्हणजे फोन. महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आणि गावांत वाढणाऱ्या बहुतेक मुलामुलींना गेमची पहिली ओळख फोनवरच होते. मग फोनवर येणाऱ्या डायब्लोला विरोध करणे म्हणजे या साऱ्यांना दाराबाहेर ठेवणे नाही का? चेंग यांच्या प्रश्नात हा एक खरा मुद्दा होता आणि सभागृहातल्या अनेकांना तो उमगला नाही. पण हाच मुद्दा शेवटपर्यंत नेला तर निष्कर्ष वेगळा निघतो. जून २०२३ मध्ये ‘डायब्लो ४’ आला तो ७० डॉलरच्या ठरावीक किमतीला. त्याच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू मुख्यतः दिसण्यापुरत्या, त्यांनी योद्ध्याची ताकद वाढत नाही. म्हणजे संगणक आणि कन्सोलवाल्यांना ठरलेल्या किमतीत सरळ व्यवहार, आणि फोनवाल्यांना फुकटच्या दारातून आत घेऊन अमर्याद खर्चाची वाट. हा भेद फोनवरच्या खेळाडूचा सन्मान करणारा नाही. त्याला कमी प्रतीचा व्यवहार चालतो असे धरून चालणारा आहे. फोन हेच ज्यांचे एकमेव यंत्र आहे, त्यांनी तर हा भेद सर्वांआधी नाकारायला हवा.

तिसरे म्हणणे धंद्याचे: फोनवर आधी किंमत मोजायला कोणी तयार नसते, म्हणून गेम फुकट ठेवून आतून विक्री करावी लागते. याला पुरावा आहे. निंटेंडोने ‘सुपर मारिओ रन’ २०१६ मध्ये एकरकमी किमतीवर आणला. वीस कोटी वेळा तो उतरवला गेला, तरी अपेक्षित नफ्यापर्यंत पोहोचलेला नाही, असे कंपनीने २०१७ मध्ये सांगितले. ही अडचण खरी आहे, पण तिच्यातून निघणारी वाट एकच नाही. ‘टायटन क्वेस्ट’ हा डायब्लोच्याच जातीचा गेम २०१६ मध्ये एकरकमी किमतीवर मोबाइलवर आला. ‘स्टारड्यू व्हॅली’ ॲनाहाइमच्या मेळ्याच्या काही दिवसच आधी आयफोनवर आला, एकदा पैसे द्या आणि निश्चिंत खेळा या तत्त्वावर, आणि चाहत्यांनी त्याचे स्वागतच केले. संगणकावरचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ २०१३ पासून फुकट आहे. तो कपडे, रोषणाई आणि सामान ठेवायच्या जादा कप्प्यांवर चालतो. कप्प्यांमुळे सोय वाढते, त्यामुळे तोही अगदी निर्लेप नाही, पण तिथे ताकद विकायला ठेवलेली नाही. आणि ‘डायब्लो ४’ने पहिल्या पाच दिवसांत ६६ कोटी ६० लाख डॉलर कमावले, तेव्हा चाहते चांगल्या गेमसाठी सरळ किंमत द्यायला तयार असतात हेही दिसले. अमर्याद खर्चाची रचना ही धंद्याची अपरिहार्यता नाही, ती कंपनीची निवड आहे.

चाहत्यांच्या वागण्यात काहीच खोट नव्हती असा याचा अर्थ नाही. मंचावर उभ्या असलेल्या माणसाची हुर्यो करणे आणि नंतर त्याच्यावर व्यक्तिशः शिव्यांचा भडिमार करणे हे असमर्थनीय होते. व्यवहाराचे आराखडे एकटा रचनाकार ठरवत नसतो, आणि अशा आरडाओरड्याने मूळ प्रश्नाचेच नुकसान होते. कंपनीला मग टीका करणारे सगळेच हट्टी पोरे म्हणून बाजूला सारता येतात. पण सूर चुकला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. ज्यांनी एखाद्या खेळाला आयुष्यातली वीस वर्षे दिली, त्यांना त्याचा प्राण कशात आहे हे ठाऊक असते. तो प्राण धोक्यात येतोय असे ते म्हणू लागतात, तेव्हा त्यांचे ऐकून घेणे कंपनीच्याही हिताचे असते.

म्हणून यापुढे कोणतीही लाडकी मालिका फोनवर येत असल्याची बातमी आली, की आनंद किंवा संताप व्यक्त करण्याआधी वाचकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पैसे देऊन मिळते ती सजावट आहे की ताकद? विकत घेतलेली वस्तू ठरलेली आहे की सोडतीवर सोडलेली? आणि खर्च कुठेतरी संपतो की नाही? घरातल्या मुलाच्या फोनवर असा गेम असेल, तर पालकांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मिळेपर्यंत पैसे भरण्याची सोय त्या फोनला जोडू नये. गेम फोनवर यावेतच, पण ते सरळ व्यवहाराने यावेत, आणि हा आग्रह फोनवर खेळणाऱ्यांनीच सर्वांत मोठ्या आवाजात धरायला हवा.