‘मोटर गेली’ म्हणे!

ड्रिल मशीन बंद पडलं, की ‘नवीन घ्या’ हा सल्ला फुकटात मिळतो. पण तो ऐकण्याआधी आतले दोन छोटे काळे तुकडे बघितलेत का?

फ्लॅटचं पझेशन मिळालं, की पहिल्या महिन्यात आपण काय काय घेतो? पडदे, शेगडी, वाय-फायचं कनेक्शन आणि एक ड्रिल मशीन. शेवटची खरेदी हटकून कुणा मित्राच्या सांगण्यावरून झालेली असते. ‘अरे, चार भोकांसाठी सुतार अर्ध्या दिवसाची मजुरी लावतो, त्यापेक्षा मशीनच घेऊन टाक!’ मग दोन वीकएण्ड आपण भिंतींना भोकं पाडत सुटतो. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, बाथरूममधला आरसा. घरात एकदम भाव वधारतो. नंतर मशीन जातं लॉफ्टवर आणि शेजाऱ्यांच्या मागणीनुसार अधूनमधून खाली उतरतं. आणि मग एके दिवशी, भोक अर्धं झालेलं असताना, ते गप्प होतं.

इथे बहुतेक जण मशीनचा नाद सोडतात. ऑफिसमध्ये सर्व्हर डाउन झाला तर आपण रात्रभर जागून लॉग वाचतो, पण तीन हजारांचं मशीन बंद पडलं की दोन मिनिटांत ‘गेलं’ म्हणून मोकळे. का, तर आत मोटर असते आणि मोटर हे आपलं काम नव्हे! मला हा फंडा कधीच पटला नाही.

माझं मशीन गप्प झालं, तेव्हा सहा वर्षांचं होतं. त्याआधी महिनाभर त्याचे नखरे चालू होतेच. ट्रिगर दाबला तर कधी चालायचं, कधी नाही. मागच्या बाजूच्या जाळीतून निळ्या ठिणग्या जरा जास्तच दिसायला लागल्या होत्या आणि वासही जळकट. एका सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलानं प्लग लावला, ट्रिगर दाबला आणि एकही स्क्रू न उघडता निदान केलं, ‘मोटर गेलीय सर. बावीसशे होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या ना, ऑफर चालू आहे.’

मी मशीन उचललं आणि घरी आलो. रात्री सांगलीला बाबांना फोन लावला. बाबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात, इलेक्ट्रिकल खात्यात गेली. लहानपणी इतर मुलं आजारी पडली की त्यांचे बाबा कपाळाला हात लावून बघायचे, आमचे बाबा पंप आजारी पडला की त्याला हात लावून बघायचे.

‘मशीन उघडून बघितलं का त्यानं?’ बाबांचा पहिला प्रश्न.

‘नाही हो. नुसतंच चालवून बघितलं.’

‘बरं. बिट काढून ठेव. ट्रिगर दाबून धर आणि मागनं हलकी टपली मार.’

मी टपली मारली. मशीननं ‘घुर्र’ केलं आणि पुन्हा गप्प.

‘ऐकलं का?’

‘ऐकलं. मोटर कुठली जातेय, कार्बन गेलेत तुझे. मोटर जळली की ती टपली मारून उठत नाही.’

बाजारात या वस्तूचं नाव एवढंच आहे, कार्बन. पुस्तकात त्याला कार्बन ब्रश म्हणतात, पण दुकानात जाऊन ‘ब्रश द्या’ म्हणालात तर रंगाचा ब्रश हातात पडण्याची शक्यता जास्त!

पेन्सिलीचा भाऊ

ड्रिलच्या मोटरमध्ये मधला भाग फिरतो, त्याला आर्मेचर म्हणतात. फिरणाऱ्या भागाला वीज तर द्यायची, पण वायर जोडली तर ती दोन फेऱ्यांत पिळवटून तुटणार. म्हणून आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो. हा कम्युटेटर. त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगनं दाबून धरलेले कार्बनचे दोन चौकोनी तुकडे असतात. कम्युटेटर फिरतो, कार्बन जागेवरच राहून त्याला घासतात आणि त्या घासण्यातून वीज आत जाते. ड्रिलचा चक मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे मारतो आणि गिअरच्या पलीकडची मोटर त्याच्या कितीतरी पट वेगानं पळत असते. एवढं घर्षण म्हटल्यावर कुणीतरी झिजणारच. ते तांब्यानं झिजायचं की कार्बननं, एवढाच प्रश्न असतो. कार्बन मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम. तो झिजण्यासाठीच आत बसवलेला असतो.

मग त्याला ‘ब्रश’ का म्हणायचं? कारण सुरुवातीच्या डायनामोंमध्ये खरंच ब्रशसारखे तांब्याच्या तारांचे झुपके असायचे. ते ठिणग्या उडवायचे आणि कम्युटेटर ओरबाडून काढायचे. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानं तांब्याऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. झुपके गेले, नाव तेवढं मागे राहिलं. पुढे दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं हातात धरून चालवायचं पहिलं इलेक्ट्रिक ड्रिल बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला मिळालं ते १९१७ मध्ये. आज आपल्या लॉफ्टवर पडलेलं मशीन त्याच घराण्यातलं.

कार्बनचा मुख्य घटक ग्राफाइट. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे शिसं नव्हेच, तेही ग्राफाइटच असतं. वीज वाहून नेतं आणि स्वतःच गुळगुळीत असल्यामुळे वंगणाचंही काम करतं. टू इन वन! तुमच्या मिक्सरमध्ये, व्हॅक्युम क्लीनरमध्ये, शिलाई मशीनच्या मोटरमध्येही हेच कार्बन असतात. सिलिंग फॅनमध्ये नसतात, म्हणून बिचारा वर्षानुवर्षं फिरत राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या ड्रिलवर ‘ब्रशलेस’ असं मिरवून लिहिलेलं असतं, त्यांच्यात कार्बनच नाहीत. तिथे घासण्याचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटनं संपवलंय.

आता उघडूया

सगळ्यात आधी प्लग काढा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. खाली जुना पेपर पसरा. कार्बनची भुकटी बेडशीटवर पडली तर घरात तुमचं काही खरं नाही.

मशीनच्या मागच्या भागात, मोटर असते तिथे, दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशी दोन गोल काळी झाकणं दिसतात का बघा. मधे स्क्रू-ड्रायव्हरसाठी खाच असते. दिसली तर तुम्ही नशीबवान, कारण अख्खं मशीन उघडायची गरजच नाही. झाकण अंगठ्यानं दाबून धरत हळूहळू फिरवा, नाहीतर स्प्रिंग उडी मारून सोफ्याखाली जाते. झाकणं नसतील तर मशीनची एक बाजू उघडावी लागते. स्क्रू काढा, आणि वरची बाजू उचलल्या उचलल्या मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठल्या खाचेतून गेली होती, हे अर्ध्या तासानंतर देवालाही आठवत नाही.

माझ्या मशीनला झाकणं होती. एका बाजूचा कार्बन निघाला चार मिलिमीटरचा, दुसरा पाचचा. नवा असताना तो तेरा मिलिमीटरचा असतो, हे मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. साधारण पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलायचा, हा हिशोब लक्षात ठेवा. काही कार्बनवर खुणेची रेघच असते, तिथवर झिजला की संपला. काहींमध्ये तर आत स्प्रिंगवरची छोटी पिन असते. कार्बन मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येऊन संपर्कच तोडते. अशा मशीनला आधी नखरे वगैरे नाहीत, ते सरळ बंद पडतं आणि आपण ‘मोटर गेली’ म्हणून रडत बसतो. खरं तर मोटर वाचावी म्हणूनच ते थांबलेलं असतं.

नवे कार्बन घ्यायला मी गेलो रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट गाठावा. गाडी लांब लावा आणि चालत जा, त्या गल्लीत कार न्यायची हिंमत मी तरी करणार नाही. दुकानातल्या काकांना मी मोठ्या ऐटीत मशीनचा मॉडेल नंबर सांगितला. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

‘नमुना आणलाय?’

मी खिशातून जुने कार्बन काढून काउंटरवर ठेवले. काकांनी व्हर्नियर लावला, मागच्या भिंतीवरच्या शेकडो छोट्या खणांपैकी एक ओढला आणि जोडी समोर ठेवली. ‘ऐंशी रुपये.’

बावीसशे कुठे आणि ऐंशी कुठे!

जाडी आणि रुंदी तंतोतंत जुळायला हवी. कार्बन त्याच्या खोबणीत सहज मागेपुढे सरकला पाहिजे, पण डगमगता कामा नये. मागची तांब्याची वेणी आणि टोपीही जुन्यासारखीच हवी. काही कंपन्या कार्बनवर नंबर कोरतात. मकिताच्या कार्बनवर ‘सीबी’नं सुरू होणारा नंबर असतो, तो सांगितला की काम झालं. माप थोडं मोठं असेल तर काही दुकानदार ‘घासून देतो’ म्हणतात. नाइलाज असेल तर घ्या, पण वाकडा घासलेला कार्बन खोबणीत अडकतो आणि पुन्हा तोच ताप. आणि बदलायचे ते दोन्ही एकदम. एक नवा, एक जुना असला बचतीचा प्रयोग नको.

नवे बसवण्याआधी मात्र एक मिनिट थांबा आणि टॉर्च लावून त्या खोबणीतून आत बघा. खरा निकाल तिथे लागतो. तांब्यावर एकसारखा चॉकलेटी रंग चढलेला असेल तर उत्तम, तो घासून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. तो थर कार्बनला सुखानं घसरू देतो. पट्ट्यांवर काळे जळके डाग असतील, एखादी पट्टी उचलली गेली असेल किंवा खोल चरे पडले असतील, तर कार्बन संपल्यावरही मशीन रेटलं गेलंय. तुकडा फार छोटा झाला की स्प्रिंगचा जोर कमी पडतो, ठिणग्या वाढतात आणि शेवटी स्प्रिंग किंवा वेणीच तांब्याला घासायला लागते. मग आर्मेचर जातं, आणि आर्मेचरचं बिल बघून नवीन मशीन खरंच परवडतं. म्हणजे ऐंशी रुपयांचं काम बावीसशेवर जायला मधे असतात ते फक्त काही मिलिमीटर. नखरे सुरू झाल्यावरही ‘एवढं एक भोक होऊ दे’ म्हणत ट्रिगर दाबत राहणं सगळ्यात महाग पडतं ते यामुळेच.

आतली भुकटी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झटका. तोंडानं फुंकू नका, ती नाकातोंडात जाते. तेल अजिबात नको. कार्बनच्या टोकाला कम्युटेटरच्या गोलाईनुसार वाक दिलेला असेल तर तो त्याच दिशेनं बसवा. झाकण घट्ट करा, पण पैलवानकी नको, प्लॅस्टिकचे आटे लगेच तुटतात.

मग बिट न लावता मशीन पाचेक मिनिटं रिकामं चालवा, आधी हळू, मग पूर्ण वेगात. नव्या कार्बनला तांब्याची गोलाई अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतील, त्या कमी होत जातात. कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं आख्खं कडंच फिरताना दिसलं तर ताबडतोब थांबा. तिथे आर्मेचरमध्येच बिघाड असू शकतो, आणि तसं निघालं तर काउंटरवरच्या त्या मुलाचं म्हणणं बरोबर. माझा आक्षेप त्याच्या निदानावर कमी आणि न उघडता निदान करण्यावर जास्त आहे. बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये कार्बन कसे बदलायचे याचं पान असतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. छान आहे. पण समोरच्या माणसानं स्क्रू-ड्रायव्हर हातातच घेतला नाही, तर पोर्टल काय करणार?

एक शंका हमखास विचारली जाते, वॉरंटीचं काय? मशीन वॉरंटीत असेल तर बॉडी स्वतः उघडू नका, सेंटरमध्येच न्या. फक्त तिथे ‘चालत नाही’ असं न सांगता ‘कार्बन तपासा आणि जुने मला दाखवा’ असं सांगा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो, हा स्वानुभव आहे. मिक्सरच्या बाबतीतही हेच वाक्य चालतं.

कार्बन किती टिकतात, हे तुम्ही मशीन कसं वापरता त्यावर आहे. बीममध्ये भोक पाडताना अंगाचा सगळा भार टाकलात, सिमेंटची धूळ जाळीतून आत जाऊ दिलीत, तर ते लवकर जातात. तेव्हा दुकानात गेलाच आहात तर एकाऐवजी दोन जोड्या घ्या आणि दुसरी मशीनच्या डब्यात आतल्या बाजूला सेलोटेपनं चिकटवून टाका. आणि हो, जुने झिजलेले तुकडे फेकू नका. पुढच्या वेळी काका पुन्हा नमुनाच मागणार आहेत.