भाड्याच्या घरातला रंग

अकरा महिन्यांचा करार, पांढऱ्या भिंती आणि घरमालकाची ताकीद: खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही. अनामत रक्कम अडकलेली, म्हणून आपणही गप्प. पण मंडळी, रंग भिंतीलाच हवा असं कुठं आहे?

कपाटातली जुनी सुती सहावारी काढा. (आईची असेल तर आधी विचारा!) सात-सात फुटांचे दोन तुकडे केले की दाराचे दोन पडदे होतात. काठ आपोआप दोन्ही कडांना उभे येतात आणि उरलेल्या पदरात उशीचा अभ्रा निघतो. खर्च शिलाईचा तेवढा. खिडकीत कडक ऊन येत असेल, तर मागे जुन्या चादरीचं अस्तर लावा, नाहीतर रंग लवकर विटतो.

खणाचा पन्हा लहान, पडद्याला पुरत नाही. टीपॉयवर मात्र खुलतो. पहिल्यांदा वेगळा धुवा, गडद रंग सुटतो.

चिकटपट्टीनं चित्रं लावू नका. डिस्टेंपरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो आणि वाचवलेले पैसे अनामत रकमेतून कापले जातात. चित्र कपाटावर टेकवून ठेवा. घर सोडताना हे सगळं एका ट्रंकेत मावतं.