चांदूर रेल्वेचा पिनकोड कापरेकरांच्या चक्रात

आपल्या चांदूर रेल्वेचा पिनकोड ४४४९०४. अवयव २×२×२×१९×२९२७, त्यात २९२७ ही मूळ संख्या.

खरी मजा मात्र देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या रीतीत आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ९४४४४०−०४४४४९=८९९९९१. उत्तरावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील, तर चार अंकी संख्या हमखास ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांचं तसं नाही. आपला पिनकोड दहाव्या वजाबाकीला ८५१७४२ वर पोचतो आणि तिथून सात संख्यांच्या चक्रात कायमचा फिरत राहतो! किती सुंदर आहे हे!

काही सहा अंकी संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर थांबतात. धामणगावकर, तिवसेकर, तुमचा पिनकोड कुठे जातो? कागद-पेन घ्या, करून पाहा आणि उत्तर नक्की कळवा.