उन्हाळा विशेष : घरच्या घरी करा फळांचा बर्फगोळा, पण आधी बर्फ कुठला, ते बघा!

उन्हाचा चटका वाढला की आठवडी बाजारात, जत्रेत, शाळेच्या फाटकासमोर गोळ्याच्या गाड्या लागतात. पोरं दहा-वीस रुपयांसाठी हट्ट धरतात आणि आई-बापही फार ताणत नाहीत. पण याच दिवसांत जुलाब-उलट्या, कावीळ, टायफॉइडचे पेशंटही वाढतात. त्यामागचं एक कारण म्हणजे दूषित पाणी आणि त्याच पाण्याचा बर्फ.

बर्फ थंड असतो म्हणून त्यात जंतू मरतात, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. गोठल्यावर बरेचसे जंतू नुसते झोपी गेल्यासारखे राहतात. बर्फ वितळून पोटात गेला की पुन्हा कामाला लागतात. पाणी जसं, तसाच बर्फ.

त्यात कारखान्यात बनणारा सगळाच बर्फ खाण्यासाठी नसतो. मासे टिकवायला, माल गार ठेवायला लागणाऱ्या लाद्यांसाठी पिण्याचं पाणी वापरलं जाईलच असं नाही. हा बर्फ स्वस्त पडतो आणि गोणपाटात, भुशात गुंडाळून उघड्यावरून येतो. दोन्ही बर्फ ओळखू यावेत म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये अखाद्य बर्फात निळसर रंग टाकणं बंधनकारक केलं. खाण्याचा बर्फ रंगहीन असायला हवा. त्यामुळे गाडीवर लादी निळसर दिसली तर तिथून सरळ पुढं निघा. अर्थात पांढरी दिसली म्हणजे शुद्धच, असं मात्र समजू नका. पाणी कुठलं, हे विचारायला लाजू नये.

त्यापेक्षा घरी केलेला बरा. फ्रीज नसेल तर शेजाऱ्याच्या फ्रीजात एक डबा ठेवायला कोण नाही म्हणणार?

बर्फ असा लावा

पाणी खळखळून उकळू द्या, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा, मग झाकून गार करा. स्टीलच्या पसरट डब्यात पाऊण भरूनच ओता. पाणी गोठताना फुगतं, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डब्याचं झाकण उचकटतं आणि काचेची बाटली तर फुटतेच. लोडशेडिंगच्या गावात रात्री लाइट असताना डबा लावावा म्हणजे सकाळपर्यंत घट्ट बर्फ होतो. फ्रीजर मधेमधे उघडू नका.

पाकाला एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी पुरे. साखर विरघळून दोन-तीन उकळ्या आल्या की उतरवा, तार बघत बसू नका. लिंबाचे चार थेंब पिळले तर साखर पुन्हा धरत नाही. आता रंगाची बाटली कशाला? दहा-बारा आमसुलं अर्धा तास गरम पाण्यात भिजवून कुस्करा, गाळून पाकात घाला, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड टाका. असा लालभडक रंग गाडीवरही मिळत नाही. उकडलेल्या कैरीचा गरही चालतो. पाक जरा जास्तच गोड वाटला पाहिजे, कारण थंड पदार्थात जिभेला गोडी कमी लागते. आणि तो फ्रीजात गार करूनच वापरा. कोमट ओतला की गोळ्याचं सरबत झालंच.

बर्फ बाहेर काढून पाच मिनिटं थांबा. गाडीवाले उलट्या रंध्यावर घासतात, घरी खोबऱ्याची जाड किसणी चालते. हात बधिर होत असेल तर स्वच्छ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक फोडा, मग मिक्सरमध्ये थोडे थोडे तुकडे घेऊन दोन-दोन सेकंद फिरवा. मोठे खडे टाकले तर पातं बोथट होतं, भांडंही तडकतं. कीस जितका बारीक तितका पाक धरून ठेवतो. जाडसर राहिला तर सगळा पाक तळाला जातो आणि वर कोरडा बर्फ चोखायची वेळ येते.

वाटीत कीस दाबून भरा, दोन-तीन चमचे पाक घाला, वर फळं. कलिंगडाला पाणी सुटतं, म्हणून त्याचे बारीक तुकडे आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. आंबा हापूसच पाहिजे असं काही नाही, बांधावरच्या रायवळ आंब्याचा रस वर ओतला तर पाक निम्माच पुरतो. डाळिंबाचे दाणे, द्राक्षं, चिकू जे घरात असेल ते. भिजवलेला सब्जा टाकला तर पोरं आणखी मागतात. फळं धुऊन, ऐनवेळी चिरा. बाजारात चिरून उघडी ठेवलेली आणून टाकली तर पाणी उकळल्याचा सगळा खटाटोप वाया. घरात शुगरचं माणूस असेल तर त्याची वाटी पाकाशिवाय भरा. वर लिंबू, काळं मीठ आणि बेताचीच फळं.

उरलेला पाक बरणीत भरून फ्रीजात ठेवला की चार-पाच दिवस जातो. बर्फाचा डबा मात्र रोज रात्री नव्याने लावायला विसरू नका, कारण सकाळी पोरं आधी फ्रीजच उघडणार.