भविष्य सांगणारे द्रष्टे आणि आपली श्रद्धा

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि जगभर एका जुन्या यादीची पुन्हा चर्चा सुरू झाली. यापुढील पोप हे शेवटचे, त्यानंतर रोम नगरीचा नाश व जगाचा न्याय, असे त्या यादीच्या आधारे सांगितले जात होते. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले व ख्रिस्तसभेचे कार्य अखंड चालू राहिले. तथापि अशा वार्तांनी भोळ्याभाबड्या भाविकांच्या मनात भय निर्माण होते, हे नाकारता येत नाही. नोस्त्रादेमसचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपण येथे ख्रिस्तसभेच्या इतिहासातील, तुलनेने कमी परिचित असलेल्या तीन नावांचा विचार करू या.

संत मलाखी यांच्या नावाची यादी

संत मलाखी हे आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप होते. ११४८ साली फ्रान्समधील क्लेर्व्हो येथील मठात त्यांनी देह ठेवला. त्यांचे स्नेही संत बर्नार्ड यांनी त्यांचे चरित्र लिहिले. परंतु त्यात पोपविषयक भाकितांच्या यादीचा उल्लेखही नाही. ११२ लहान लॅटिन बोधवाक्यांची ही यादी प्रथम छापली गेली ती १५९५ साली, व्हेनिस येथे, म्हणजे संतांच्या मृत्यूनंतर तब्बल ४४७ वर्षांनी! १५९० पर्यंतच्या पोप महोदयांना ती बोधवाक्ये नेमकी लागू पडतात. कुणाचे जन्मगाव, कुणाचे घराणे, कुणाचे राजचिन्ह त्यांत अचूक आढळते. त्यानंतरची वाक्ये मात्र इतकी मोघम आहेत की, ती ओढूनताणून जुळवावी लागतात. घडून गेलेल्या घटना भविष्य म्हणून लिहिल्या की त्या चुकणार कशा? म्हणूनच बहुतेक इतिहासकार ही यादी १५९० च्या सुमारास रचलेली बनावट मानतात. यादीच्या अखेरीस 'रोमचा पेत्र' येतो. रूढ गणनेप्रमाणे तो पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्यानंतर यावयास हवा होता. त्यांच्यानंतर दोन पोप निवडले गेले. दोघांपैकी कुणीही पेत्र हे नाव घेतले नाही.

फियोरेचे मठाधिपती जोआखिम

दुसरे उदाहरण निराळ्या स्वरूपाचे आहे. दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतातील मठाधिपती जोआखिम (निधन १२०२) हे विरक्त आणि बायबलचे गाढे अभ्यासक होते. पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे अशी मानवी इतिहासाची तीन युगे त्यांनी कल्पिली. त्यांच्या अनुयायांनी या विचाराला वर्षाचा आकडा जोडला. मत्तयलिखित शुभवर्तमानातील वंशावळीत ४२ पिढ्या आहेत. पिढीला ३० वर्षे धरली की १२६० होतात, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकातही १२६० दिवसांचा उल्लेख आहे. तेव्हा १२६० साली नवे युग उगवणार, असे त्यांनी ठरवून टाकले. १२६० साल आले आणि गेले. साळिंबेने नावाच्या फ्रान्सिस्कन बखरकाराने, जो पूर्वी या विचाराने भारावलेला होता, त्याने हा नाद सोडून दिल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे.

स्वतः जोआखिम यांनी आपले सर्व लेखन ख्रिस्तसभेच्या निर्णयाधीन ठेवले होते. त्रैक्याविषयीचे त्यांचे एक मत १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने अमान्य केले; मात्र त्यांच्या या आज्ञाधारकतेची आदराने नोंदही घेतली. चूक घडूनही नम्रता टिकविणारा माणूस आपल्याला बरेच काही शिकवून जातो.

रोमची एक गृहिणी

धन्यवादित आन्ना मारिया ताईजी (१७६९-१८३७) ही रोममधील एका सेवकाची पत्नी व सात मुलांची आई. आपल्याला एक तेजोमय गोल दिसतो व त्यात दूरच्या आणि भावी घटना दिसतात, असे ती सांगत असे. 'तीन दिवसांचा अंधार' पडणार, तेव्हा दारे-खिडक्या बंद करून आशीर्वादित मेणबत्त्या पेटवा, हा आजही फिरणारा संदेश तिच्याच नावावर सांगितला जातो. १९२० साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले. तो सन्मान तिच्या सद्गुणांचा होता. गरिबीत सांभाळलेला संसार, तापट पतीशी राखलेला सलोखा, मुलांवरील संस्कार आणि रुग्णांची सेवा यांचा होता. कुणी धन्यवादित वा संत घोषित झाले म्हणजे त्यांच्या नावावरचे प्रत्येक भाकीत ख्रिस्तसभेने प्रमाण मानले, असा त्याचा अर्थ होत नाही.

ख्रिस्तसभेची कसोटी

कॅथलिक श्रद्धाग्रंथ (क्र. ६७) स्पष्ट सांगतो की, खाजगी प्रकटीकरणे श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत. ख्रिस्ताच्या ठायी प्रकटीकरण परिपूर्ण झाले आहे. त्यात कुणी भर घालू शकत नाही. काही खाजगी प्रकटीकरणे त्या त्या काळात ख्रिस्ताचे अनुसरण करण्यास साहाय्यभूत ठरतात, इतकेच. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनने अशा घटनांच्या पारखीसाठी नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार, सर्वसाधारणपणे एखादी घटना अलौकिक असल्याचे जाहीर केले जात नाही. भक्तीस हरकत आहे की नाही, एवढेच सांगितले जाते.

पवित्र शास्त्रातील संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. योनाने चाळीस दिवसांत निनवेचा नाश होईल अशी घोषणा केली. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचले. योनाचे भाकीत खरे ठरले नाही. पण देवाचा हेतू सफल झाला! खरा संदेष्टा माणसाला तारीख सांगत नाही, तो त्याला देवाकडे वळवितो. खुद्द प्रभू येशूने तो दिवस व ती घटका पित्यावाचून कुणालाही ठाऊक नसल्याचे सांगितले आहे.

म्हणून यापुढे असा एखादा संदेश आपल्या हाती आला तर तो पुढे धाडण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या: तो कुणी, केव्हा लिहिला? धर्माधिकाऱ्यांनी त्याविषयी काय म्हटले आहे? तो आपल्याला प्रार्थनेकडे व शेजाऱ्याच्या सेवेकडे नेतो, की केवळ भयाकडे? उद्याचा दिवस पित्याच्या हाती आहे. आजचा दिवस त्याने आपल्या हाती सोपविला आहे.