घरबसल्या नोकरी? जरा थांबा, बॉस!

रविवारी सकाळीच जाफराबादहून मावसभावाचा फोन. ‘दादा, जॉब लागला! घरी बसून काम!’ खेळणा-पूर्णेच्या संगमावरचं गाव सोडून पुण्यात कॉट बेसिसवर राहायची झंझट नाही, म्हणून मावशीही जाम खूश. मी विचारलं, ‘इंटरव्ह्यू कुणी घेतला?’ ‘टेलिग्रामवर चॅट झालं ना!’ इथेच माझ्या कपाळाला आठी पडली.

यांचा फंडा ठरलेला. आधी व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना स्टार द्या. शंभर-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात (आमच्या पठ्ठ्यालाही आले, तिथेच तर तो फसला). मग ‘प्रीपेड टास्क’. हजार भरा, तेराशे घ्या! स्क्रीनवर आकडा फुगत जातो. काढायला गेलात की आधी ‘टॅक्स’ भरा. ग्रुपमध्ये ‘मला मिळाले’ म्हणून नाचणारी मंडळीही बहुधा त्यांचीच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या, तरी नवी दुकानं उघडतातच. डेटा एंट्रीवाले आणखी बेरकी! काम करून घेतात, चुका काढतात आणि वर वकिलाची नोटीस धाडतात. लोक घाबरून पैसे भरतात.

अहो, पगार देणारा कधी आपल्याकडेच पैसे मागतो का?

भावाने सात हजार भरले होते, मावशीच्या भिशीचे. मी त्याला लगेच १९३० वर फोन करायला लावला. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार नोंदवून झालीय, आता वाट बघतोय.

मावशी मात्र अजून शेजारीपाजारी पेढे वाटतेय.